दाढीचा आरसा

"हे नाही घेता येणार, अल्बी," नोलीन म्हणाली. "डाग पडलेत, दांडाही नाही. असला दाढीचा आरसा कोण नेणार?"

अग्निशमन केंद्राच्या गॅरेजात उद्याच्या विक्रीसाठी लोकांनी दिलेलं सामान घेणं चालू होतं. बंब बाहेर गवतावर उभा केला होता आणि त्याच्या जागी टेबलं मांडली होती. बंबावर काम करणारे सगळे गावातलेच, बिनपगारी. त्यांना नवे पाइप हवे होते. नोलीनचे नियम दोन: मोडकं घ्यायचं नाही, आणि घेतलेलं पुसल्याशिवाय टेबलावर ठेवायचं नाही.

अल्बीने दोन्ही हातांत एक गोल काच धरली होती. लहान ताटाएवढी, दोन बोटं जाड, मध्ये जेमतेम कळेल इतकी खोलगट.

"दाढीचा नाही हा. इनाने केलाय."

त्याची बायको इना जाऊन तीन वर्षं झाली होती. नोलीनचा आवाज जरा खाली आला. "बरं, पुसून तरी बघते." तिने फवारा उचलला.

अल्बीने काच छातीशी ओढली. "पुसू नकोस, पोरी. चांदी वरच्या बाजूला आहे. फडकं फिरवलंस की गेली."

"काका," बंबावरचा हेमी खुर्च्या रचता रचता म्हणाला, "पुसल्याशिवाय ती नवऱ्यालाही घरात घेत नाही."

रांगेतली माणसं हसली. अल्बी हसला नाही.

"सोमवारी मी मुलीकडे जातोय राहायला. एक खोली आहे. याला जागा नाही तिथे. डेपोतल्या कचऱ्यात तेवढा जाऊ नये."

साठीतल्या नोलीनला पोरी म्हणणारा गावात आता हा एकटाच उरला होता. तिने फवारा हातातच ठेवला. "करतो काय हा?"

"शटर अर्धं खाली ओढ. आणि कोणीतरी एक पांढरा पुठ्ठा द्या."

हेमीने शर्टाच्या खोक्याचं झाकण आणलं. अल्बी आतल्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि काच रस्त्याकडे वळवली. हेमीला त्याने समोर, जरा बाजूला उभं केलं. पुठ्ठ्याची पांढरी बाजू काचेकडे. "अजून मागे. अजून. तिथेच थांब."

पुठ्ठ्यावर आधी नुसता दुधी उजेड होता. मग त्यातून डोंगर आला.

उलटा. गावामागचा तोच, रोजचा. पण इतका बारीक आणि इतका स्वच्छ की रांगेतली माणसं टेबलांना वळसा घालून जवळ आली. शिखर खाली, त्याखाली निळं आकाश.

"चिकटवलेलं चित्र आहे का?" कोणीतरी हळूच विचारलं.

"नाही," नोलीन म्हणाली. "बर्फ उडतोय बघा."

शिखरावरून वाऱ्याने बर्फ उडत होता. नखाएवढा पांढरा धूर, निघत होता आणि विरत होता.

"हात जरा तुझ्याकडे घे," अल्बी हेमीला म्हणाला. डोंगर पुसट झाला आणि रस्त्यापलीकडचा बसथांबा स्पष्ट झाला. बोटाएवढी एक बाई, डोकं खाली, केस बांधत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"काच जुन्या जहाजाच्या खिडकीची," अल्बी सांगत होता. "दुर्बिणीसाठी इना ती कपडे धुवायच्या खोलीत पिंपावर ठेवून दुसऱ्या काचेने घासायची. पिंपाभोवती चालत. दोन हिवाळे चालली. शेवटी तर घासणंही थांबलं. नुसता अंगठा टेकवायची. म्हणायची, अंगठ्याच्या उबेने काच तेवढ्या जागी फुगते, मला दिसतंय. मग काच निवेपर्यंत अर्धा तास थांबायची."

"तुम्हाला दिसायचं?" नोलीनने विचारलं.

"मला तिचा अंगठा दिसायचा."

नोलीनने फवारा खाली ठेवला.

"उद्या आठला उघडतो आपण," ती म्हणाली. "हा धरायचा कसा, ते इथे कोणाला येत नाही. तुम्हीच या. ज्याला धरता येईल त्यालाच द्या. नाही मिळाला कोणी, तर माझ्याकडे राहील."

"दिवसभर उभं राहवणार नाही मला."

"खुर्ची देते. पुसलेली."

हेमीने हात पुन्हा पुढे घेतला आणि डोंगर परत आला. या वेळी नोलीन अगदी जवळ वाकली. डोंगर स्थिर नव्हता. बारीक हलत होता, एका लयीत. तिची नजर अल्बीच्या मनगटाकडे गेली. सुरकुतलेल्या कातडीखाली नाडी उडत होती, आणि दर ठोक्याला अख्खा डोंगर किंचित सरकून जागेवर येत होता.

"खाली एक स्टँड ठोकून देतो," हेमी म्हणाला. "म्हणजे हलायचा नाही."

"हलू दे," नोलीन म्हणाली.