पाचटाची आग

रॉलां वारला, त्या दिवसापासून मोंतान्य ब्लांश गावच्या भगवतीने दुसऱ्या कुणाचं गाणं कानावर पडू दिलं नाही. सेगा या बेटावरच्या लोकगाण्यात गिटार मिसळून अख्ख्या बेटाला वेड लावणारा हा गवई म्हणजे तिचा देव. त्याचा रावान, बकऱ्याच्या कातड्याचा तो मोठा डफ, त्याच्यामागे त्याच्या बहिणीने भगवतीच्या पदरात घातला होता. तिने तो वाजवला नाही, नुसता भिंतीला टांगला.

रोझ हिल शहरातल्या त्याच्या कार्यक्रमाची कॅसेट मात्र ती रोज लावायची. शेवटच्या गाण्याआधी रॉलां रावान आगीवर तापवायचा. तापल्याशिवाय कातडं बोलत नाही. टेपवर उसाचं पाचट तडतडायचं आणि मग त्याचा आवाज यायचा.

हल्ली तो आवाज येईनासा झाला. कॅसेट संपेपर्यंत नुसतं तडतडणं. उलटवून लावली तरी तेच.

"आसे! पुरे कर, भगवती!" नवरा इंद्रदेव काकुळतीला आला. "टेप खराब झालीय."

"खराब नाही, तो खोळंबलाय. एकदा गाऊ दे त्याला, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

भर दुपारी तिने घरात टेप चालू ठेवून अंगणात पाचट पेटवलं आणि रावान आगीवर धरला. कातडं ताठ झालं, तसं घरातलं तडतडणं थांबलं.

"तापला," आतून टेपवर रॉलां म्हणाला. "आण इकडे."

इंद्रदेवने धावत जाऊन टेपची वायर उपटली.

तरीही तिच्या हातातला रावान घराच्या दिशेने ओढला जाऊ लागला. तिने तो सोडला नाही.