सात नंबर गोदामाची भिंत

एक शिंक. बैलांची घुंगरं. "उचल रे, लग्नाला आलायस का?"

बंदरातल्या जुन्या गोदामाच्या दगडांत मुरलेले आवाज रेवती यंत्राने ऐकत होती. पुरेसे आवाज निघाले, तर इमारत वारसा म्हणून वाचणार होती.

"पुरे, पोरी. पाडा हे धूड," म्हातारे मुकादम धाकू साळसकर म्हणाले.

"काका, तुमचीच हाक शोधतेय. कुलूप लावण्याआधी 'आत कोण आहे?' असं तीनदा ओरडायचात ना? इथे आग लागून माणूस गेला, त्या दिवशीही ओरडलात, असं चौकशीत सांगितलंत."

यंत्रात कुलूप वाजलं. त्याआधी हाक नव्हती. मग आगीचा तडतडाट, आणि आतून कुणी दार बडवू लागलं.

"धाकूदादा! उघड!"

रेवतीने वळून पाहिलं.

त्या दिवशी धाकूला मुलीच्या बारशाला पोचायची घाई होती.