खडूची फुली

एकसष्ट साल. संप मिटल्यानंतरची पहिलीच पाळी होती, आणि खाणीच्या तळाशी, नव्या बोगद्याच्या तोंडावर कानसेन मधोमध पाय पसरून बसला होता. त्याच्या पाठीमागच्या लाकडी टेकूवर खडूची ताजी फुली होती. समोर एका बाजूला जुन्या युनियनची माणसं, दुसऱ्या बाजूला नव्या युनियनची. पुढे जायला वाट तेवढीच, आणि ती त्याने अडवलेली.

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. एरवी तो कानसेनच. पाळी सुरू व्हायच्या आधी तो एकटा पुढे जाई आणि लोखंडी सळईने छत वाजवत येई. छत खणखणलं, की धडधाकट. ढप्प बोललं, की वरचा दगड सुटलेला. मग तो टेकूवर फुली मारी. ती पुसायचा हक्क फक्त त्याचा. फुली ओलांडून गेलेल्या माणसाशेजारी, खाणीत वर-खाली करणाऱ्या पाळण्यात, कुणी उभं राहत नसे. इतक्या वर्षांत त्याचा कान एकदाही चुकला नव्हता.

मॅनेजर मोठा बेरकी. त्याने जाहीर केलं होतं, की नव्या बोगद्यात ज्या युनियनची माणसं आधी कामाला लागतील, तिच्याशीच कंपनी बोलेल. दुसरीने आपलं चंबूगबाळं आवरावं. दोन मांजरांच्या भांडणात माकडाचं काय जातं!

जुन्या युनियनच्या पुढे कानसेनचा जावई होता. नवीच्या पुढे त्याचा मुलगा. दुसरी युनियन आल्यापासून मुलीने आईकडे येणं सोडलं होतं. खोल्यांची रांग एकच, नळ एकच. मायलेकी शेजारी शेजारी पाणी भरायच्या आणि आपापल्या बादल्यांशी बोलायच्या.

"बाबा, उठा," मुलगा म्हणाला. "छताला धाड भरलेली नाही. जावयाला आधी आत सोडायचं ठरलंय तुमचं."

"मला?" जावई उसळला. "मामा, लेकासाठी हे नाटक चाललंय, ते न कळायला मी दूधखुळा नाही. एरवी उन्हं डोक्यावर आल्याशिवाय न उठणारा गडी आज माझ्या आधी पाळण्यापाशी कसा?"

"दाजी, तुम्ही तर मॅनेजरच्या मांडीवरून उठून आलात!"

"म्हातारा बहिरा झालाय रे!" मागून कुणीतरी ओरडलं. दोन्हीकडची माणसं हसली. कित्येक महिन्यांनी ती एकाच गोष्टीला हसली होती.

कानसेन हसला नाही. त्याने सळई मांडीवर आडवी घेतली.

"फुली माझी आहे," तो म्हणाला. "पुसायची तर आधी मला पुसा."

मुलगा एक पाऊल पुढे आला. जावईही आला. म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाय आणखी लांब केले. ओलांडायला कुणी धजेना. घटकाभर शिव्या झाल्या, मग कुजबुज, मग नुसतं खोकणं. शेवटी वरून निरोप आला, की पाळी बंद, सगळ्यांनी वर या.

दुसऱ्या दिवशी बाहेरून तपासनीस आला. त्याने बोगद्याचं छत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवलं. घंटेसारखं वाजलं. "चुकलो," कानसेन खाली मान घालून म्हणाला.

कुणीच आधी आत न गेल्यामुळे मॅनेजरची शर्यत बारगळली. त्याला दोन्ही युनियनना एका टेबलाशी बसवावं लागलं. तिथे दोघींनी मिळून पहिली मागणी केली, ती कानसेनला छत तपासायच्या कामावरून काढून टाकण्याची. ती लगेच मान्य झाली. त्याची सळई काढून घेतली आणि वरच्या आवाराचा झाडू हातात दिला. त्याचं नावही गेलं. पोरंसोरं त्याला बहिरोबा म्हणू लागली.

मॅनेजर बढती घेऊन दुसरीकडे गेला. मुलगा पुढे युनियनचा सेक्रेटरी झाला आणि हार घालून घेऊन घेऊन जाडजूड झाला. जावई पाळण्याच्या इंजिनावर लागला. मेव्हण्याला रोज तोच खाली सोडायचा आणि वर काढायचा. मायलेकी नळावर इतक्या बोलायला लागल्या, की मागच्या बायका कावायच्या. नव्या बोगद्यातला कोळसा संपेपर्यंत काढला. तिथे छताचा टवकासुद्धा कुणाच्या अंगावर पडला नाही.

कानसेन निवृत्त झाला आणि घरी बसला. एका दुपारी बायको धान्य निवडत होती. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिने अखेर विचारलंच.

"जन्मभर नाही चुकलात. मग त्याच दिवशी कसा हो कान चुकला?"

"कान नव्हता चुकला ग," तो म्हणाला. "छत खणखणीत होतं. पण कोळसा काढायला आलेल्या त्या माणसांत फावडं एकानेही आणलं नव्हतं. आपल्या पोराने नाही, जावयानेही नाही. सगळ्यांच्या हातात नुसते गज."