तालमीतली खंडेनवमी

“मॅडम, तालमीत एक दिवस उत्पादन शून्य दिसतंय,” फोरमन घोरपडे म्हणाले.

पंपांच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर उद्यापासून सुरू व्हायचं होतं. त्याआधी रेवतीने संगणकात हुबेहूब कारखाना उभारून वर्षभराचं काम चालवून पाहिलं होतं. त्यातले कामगारही खऱ्यांवरूनच घडवलेले. आता ती तालीम पुसून टाकायची होती.

तिने तो दिवस पडद्यावर उघडला. खंडेनवमी. यंत्रं लखलखीत होती, पण त्यांच्यावर झेंडूची एकही माळ नव्हती. माळा हातात घेऊन सगळे कामगार वर, थेट तिच्याकडे बघत उभे होते.

“यांना हे कुणी शिकवलं?”

“कुणीच नाही,” घोरपडे हळूच म्हणाले. “ते ज्या यंत्रात राहतात, त्याची पूजा करताहेत.”

रेवतीने पुसण्याच्या बटणावरचं बोट मागे घेतलं आणि पायातल्या चपला काढल्या.