पटसंख्या अकरा

"शेवटची स्लाइड काढून टाका, बाई. निर्णय आकड्यांवर होतो, नावांवर नाही," बैठकीपूर्वी शिक्षणाधिकारी म्हणाले.

कातकरवाडीची शाळा बंद करायची का, हे आज ठरणार होते. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी अकरा मुलांच्या नावांची ती स्लाइड पुसली.

सभागृहाच्या अंधारात आलेख उमलले, मिटले. दुसऱ्या शाळेपर्यंतची सहा किलोमीटरची पायवाट आणि तिला आडवी येणारी नदी पडद्यावरून निमूट सरकून गेली. कुणी मान वर केली नाही. मग बाईंनी प्रोजेक्टर बंद केला आणि पिशवीतून हजेरीपट काढला.

"वेणू हिलम. सोमा मुकणे. चांगुणा वाघ..."

"बाई, वेळ संपली. बसा खाली."

बाईंनी चष्मा सावरला.

"हजेरी चालू असताना वर्गात कुणी बोलत नाही, साहेब," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चौथे नाव घेतले.