भट्टी राखताना

धाकटा फाटकातून आत शिरायला लागला, तसा थोरल्याने त्याचा दंड धरला. संपाचा चाळिसावा दिवस होता आणि थोरला संपाचा पुढारी. भट्टी ऊबदार ठेवायला संघटनेनेच आजवर चार माणसं आत ठेवली होती. आज सकाळी थोरल्याने तीही बाहेर काढली.

"दादा, पोलादाची भट्टी आहे ती. एकदा थंड पडली की छताच्या विटा ढासळतील, आतलं पोलाद तळाला थिजून बसेल. मग संप जिंकून आपण कामाला जायचं कुठे?"

"आत गेलास तर तू मला मेलास."

धाकटा आत गेला. मागून कोणीतरी थुंकलं.

आत चिटपाखरू नव्हतं. त्याने तेलाचा झोत मंद ठेवला. दर वीस मिनिटांनी दांडा ओढून हवेची दिशा उलटवायची, कधी डाव्या अंगाने, कधी उजव्या. चौघांचं काम तो एकटा ओढत होता. डोळा लागला तर सगळं संपलं, म्हणून तो बसलाच नाही. भुवया करपल्या, तळहात सोलवटले. बायकोने डबा पाठवला नाही. नळाचं पाणी पिऊन त्याने दोन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर आला. बरोबर मोजमापाची टेप घेतलेले दोन अनोळखी इसम.

"तेल कोणी चालू ठेवलं?"

"मी, साहेब."

"कशाला? हिला एका घाण्याला दहा तास लागतात. नव्या कारखान्यात ऑक्सिजनवर पाऊण तासात पोलाद निघतं. ही पाडायची ठरली आहे." मॅनेजरने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि नजर वळवली. "तुझ्या भावाला गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं. बोलला नाही?"

धाकट्याने स्वतःच्या हाताने तेल बंद केलं. भट्टीच्या झरोक्यातला उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला, मग लाल. पुढचं बघायला तो थांबला नाही.

फाटकाबाहेर माणसं घोषणा देत होती. थोरला बाजूला, भिंतीला टेकून उभा होता.

"तुला ठाऊक होतं, दादा."

"हळू बोल," थोरला म्हणाला. त्याची नजर घोषणा देणाऱ्यांवरच होती. "हाकलून दिलं म्हणून घरी जाण्यापेक्षा, लढून हरलो म्हणून जाऊ दे त्यांना."