आमच्या घरचं लिव्हर

नमुना तिसऱ्यांदा मशीनवर लावला तरी आलेख तोच आला.

केमिस्टबाईंनी चष्मा वर सरकवला आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. खेळाडूंच्या लघवीत बंदी असलेली औषधं शोधायची, हे त्यांचं काम. नातेवाईकांनी विचारलं की "बाटल्या हुंगते" असं सांगून त्या मोकळ्या होत.

या बाटलीवर नेहमीसारखा फक्त नंबर होता, आणि खाली 'स्त्री' एवढंच. नाव लॅबला कधीच कळत नसे. पण आतला मामला भलताच मजेशीर होता.

"सर, इकडे या जरा," त्यांनी लॅबप्रमुखांना हाक मारली. "कृत्रिम हार्मोनची गोळी घेतली की ती आतड्यातून रक्तात जाते, रक्तातून लिव्हरमध्ये. लिव्हर तिची मोडतोड करतं, तुकड्यांना साखर चिकटवतं. मग ते पाण्यात विरघळतात आणि किडनी त्यांना बाहेरची वाट दाखवते."

"बाई, मला शिकवताय?"

"शिकवत नाही हो! इथं साखर चिकटलेला तुकडा जवळजवळ नाहीच. नेहमीच्या तपासणीत ही धुतल्या तांदळासारखी ठरेल. पण खोलात गेलं की हा बघा, दुसराच तुकडा. गोळी घेतलीय, नक्की."

"मग तसं लिहा. वरच्या ऑफिसचं आपल्यावर बारीक लक्ष असतं, ठाऊक आहे ना?" सर निघून गेले.

बाई कॉफीचा मग हातात धरून बघत राहिल्या. दिवसातला कितवा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नमुन्यातही कॉफीच्या खुणा भरपूर होत्या. शर्यतीआधी पितात पोरी, त्यात नवल नव्हतं. नवल त्या तुकड्यांचं होतं. गोळीची अशी विल्हेवाट त्यांनी पूर्वी एकदाच पाहिली होती, स्वतःच्या आलेखात.

मागे सगळ्या लॅबवर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या ऑफिसच्या अभ्यासासाठी त्यांनी हौसेनं ती गोळी घेऊन बाटल्या भरून दिल्या होत्या. त्यांच्या लिव्हरला साखर चिकटवणं जमतच नाही, हे तेव्हा कळलं. मग स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी मुलीचंही तपासलं, गोळी न देता, नुसत्या रक्तावरून. तिचंही तसंच निघालं.

"म्हणजे आमच्या घरच्या लिव्हरनं चोरी केली तर सापडणारच नाही!" मुलगी जेवता जेवता म्हणाली होती. हसून हसून सगळ्यांना ठसका लागला होता.

आता बाईंनी कॉफीचा मग खाली ठेवला. मुलगी धावपटू होती. नुकतीच चारशे मीटरची शर्यत जिंकून तिनं देशाच्या संघात जागा पटकावली होती. शर्यतीनंतर तिचीही बाटली घेतली होती, आणि त्याच शर्यतीच्या बाटल्या सध्या लॅबमध्ये येत होत्या.

संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून दूध पीत होती.

"कॉफी करू तुला?" काहीतरी बोलायचं म्हणून बाई म्हणाल्या.

"आई, मला वासानंसुद्धा मळमळतं. विसरलीस?"

बाईंचं लक्षच नव्हतं. "गोळी कधीपासून घेतेयस?"

पेला ओट्यावर टेकला. आता ही चिडेल, आकाशपाताळ एक करेल, असं बाईंना वाटलं. तिनं चिडावं म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

"तुला कसं कळलं?" मुलगी पुटपुटली. "आपल्यात दिसत नाही म्हणाली होतीस."

"कोचनी दिली?"

"नाही. त्यांना माहीतही नाही. पाय दुखावल्यापासून वेग येतच नव्हता गं. थोडेच दिवस घेतली." तिनं आईचा हात धरला. "तू फक्त 'काही नाही' असं लिही ना. तुझ्याशिवाय कुणाला दिसणारच नाही."

ते जवळजवळ खरंच होतं; सरही त्यांच्याच शब्दावर विसंबत. बाईंनी हात सोडवून घेतला.

"मी खोटं लिहिणार नाही. रिपोर्ट जाण्याआधी तूच जाऊन सांग. निदान लपवलं असं कुणी म्हणणार नाही."

मुलगी रडली, भांडली, दार आपटून खोलीत गेली. सकाळी मात्र ती निवड समितीकडे गेली आणि सगळं सांगून आली. तिला संघातून काढलं, वर बंदीही घातली. तिनं धावायचे बूट माळ्यावर टाकले आणि आईशी बोलणं सोडलं. बाईंनी रिपोर्टवर सही करून तो वर पाठवून दिला.

आठवड्यानं सर हसत हसत आत आले.

"बाई, पार्टी द्या! वरच्यांनी सगळ्या लॅबची परीक्षा घेतली होती. खेळाडूंच्या बाटल्यांत गुपचूप एकेक बाटली घुसडली. बाकीचे सगळे आपटले, फक्त तुम्ही पकडलंत. तो तुम्ही तीनदा लावलेला नंबर! शर्यतीच्या खऱ्या बाटल्या तर सगळ्या स्वच्छ निघाल्या."

"घुसडलेली?" बाई खुर्चीतून उठल्या. "मग ती कुणाची होती?"

"आणि हे तुम्ही विचारताय? असलं नाठाळ लिव्हर त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? फ्रीजरमध्ये ठेवलेली तुमचीच जुनी बाटली हो."